जेवणाचा थांबा

२१ सप्टेंबर २०२३, पहाटेचे पावणेसहा. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका दोन जेवणांच्या तयारीला लागल्या होत्या. आई शेपू निवडत होती, कारण त्या दिवशी गौरी यायच्या होत्या आणि आमच्याकडे गौरी आल्या की पहिल्या दिवशी त्यांना शेपूची भाजी आणि भाकरीच लागते. मी टेबलाशी लॅपटॉप आणि फोन दोन्ही उघडून बसले होते. बरोबर साठ दिवसांनी, म्हणजे सोमवारी २० नोव्हेंबरला, फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये आम्ही सहा जण दुपारी कुठे जेवणार हे मला त्या पहाटे ठरवायचं होतं.

"एवढ्या लवकर ऑफिसचं काम?" आईनं विचारलं.

"नाही गं. जेवणाचं बुकिंग."

"कुठल्या जेवणाचं?"

"नोव्हेंबरातल्या."

आईनं हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आणि त्या दिवशी भूक नसली तर?"

मला तेव्हा हसू आलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं, हे कळायला नोव्हेंबर उजाडावा लागला.

* * *

आई आणि अण्णा जुलैत आले होते, सहा महिन्यांसाठी. डिसेंबरात परत जायचे होते. अण्णांचं वय चौऱ्याहत्तर, आईचं एकोणसत्तर. पुढच्या खेपेला एवढा प्रवास झेपेल की नाही हे कुणीच बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात ते होतं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मुलांना सुट्टी. म्हणून आम्ही सहा जण, मी, नवरा, नऊ वर्षांची मोठी, पाच वर्षांचा धाकटा आणि आई-अण्णा, असे ऑर्लँडोला जायचं ठरलं.

डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक बाग आणि चार पाळणे, अशी माझ्या आईवडिलांची कल्पना होती. खरं तर ते सुमारे ४० चौरस मैलांचं प्रकरण आहे. १ ऑक्टोबर १९७१ ला त्यातलं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, उघडलं. मग १९८२ मध्ये एप्कॉट, १९८९ मध्ये आजचं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. प्रत्येक पार्क बघायला एक दिवस पुरत नाही. आणि दिवसभर चालणाऱ्या एवढ्या माणसांना दिवसातून तीनदा भूक लागते, ती साधारण एकाच वेळी. तिथल्या सुट्टीतला खरा अवघड भाग राइड्सचा नसतो, जेवणाचा असतो, असं आधी जाऊन आलेले सगळे सांगतात.

त्याचं शास्त्र असं. खाण्याच्या जागा ढोबळमानानं दोन प्रकारच्या. एक, काउंटरवरून ताट उचलायचं आणि जागा शोधून बसायचं. इथं फोनवरच्या ॲपमधून आधी ऑर्डर देता येते. आपण वेळ निवडायची, तिथं पोचलो की 'आलो' असं बटण दाबायचं, मग ते ताट भरायला घेतात. दुसरा प्रकार म्हणजे टेबलावर बसून जेवायचं, आणि त्यातल्या नावाजलेल्या जागांचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. कोविडच्या आधी ते १८० दिवस आधी व्हायचं! डिस्नीच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचं बुकिंग एकदम करता येतं. आमच्यासारख्या बाहेर घर भाड्यानं घेतलेल्यांना मात्र रोजचं रोज, म्हणजे प्रत्येक दिवसासाठी वेगळी पहाट. साधारण सहाच्या सुमाराला खिडकी उघडते.

त्या पहाटे मला मॅजिक किंगडममधल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दुपारी १:४० चं टेबल मिळालं. तिथं बुफे असतो आणि जेवताना विनी द पू टेबलापाशी येऊन भेटतो. धाकट्याचा पू हा जीव की प्राण. मला १२:३० हवं होतं, पण सहा माणसांसाठी १:४० हेच मिळालं आणि मी ते झडप घालून घेतलं. सकाळी चहाच्या वेळी मी ही बातमी विजयी मुद्रेनं सगळ्यांना सांगितली. मोठ्या माणसाला पन्नास डॉलरच्या वर पडतात, आणि बुकिंग करून गेलो नाही तर माणशी दहा डॉलर दंड, हेही सांगितलं.

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. त्यांचा हिशेब तोंडी असतो. ते काही बोलले नाहीत, पण तो हिशेब त्यांनी तिथल्या तिथं केला होता हे मला दोन महिन्यांनी कळलं.

* * *

अण्णा एसटीत होते. कंडक्टर म्हणून लागले आणि सांगली जिल्ह्यातल्या एका डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरात घड्याळापेक्षा गाड्यांवर वेळ ओळखली जायची. पहाटेची मुंबई गेली, म्हणजे उठायचं. रात्रीची पंढरपूर आली, म्हणजे अण्णा येणार. त्यांचं स्वतःचं जेवण मात्र कधीच वेळेवर नव्हतं. डबा कधी अकराला उघडायचा, कधी चारला. वीस वर्षांपूर्वी साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता तुमची गाडी वेळेवर धावायला पाहिजे. आता ते सकाळी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन घेतात. मिश्र प्रकारचं आहे, म्हणजे थोडं लगेच काम करणारं आणि थोडं तासातासानं. सकाळी टोचलेल्याचा जोर दुपारपर्यंत असतो. त्या वेळी पोटात काही गेलं नाही तर ते रक्तातली साखर खाली ओढत राहतं. म्हणून सांगलीत असोत नाहीतर न्यू जर्सीत, साडेबाराला ताट म्हणजे साडेबाराला ताट.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच माझ्या शीटमध्ये अण्णांचा स्वतंत्र रकाना होता. मी टेस्टिंगमध्ये काम करते. कुठे काय बिघडू शकतं याची यादी करणं हाच माझा धंदा. वरती वेळ, खाली पार्क, राइड, चालायचं अंतर, स्वच्छतागृह, जेवण. जेवणाच्या खाली पुन्हा रकाने. अण्णा: '११:३० ला राजगिरा वडी आणि केळं, १:४० ला जेवण'. मुलं: 'दर दोन तासांनी काहीतरी'. नवरा: 'कॉफी, नाहीतर चिडचिड'. आई: 'चालेल'.

आईच्या रकान्यात मी खरोखरच 'चालेल' एवढंच लिहिलं होतं. ती शाकाहारी आहे हे वेगळं लिहिण्याची गरज नव्हती, आणि बाकी तिला काहीही, कधीही चालायचं.

बाहेरचं खाणं पार्कात न्यायला परवानगी आहे, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. काचेची भांडी नकोत, गरम करावं लागेल असं नको, आणि तीव्र वासाचं नको. हा शेवटचा नियम मी आईला वाचून दाखवला तेव्हा ती तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होती आणि शेजारी लसणाच्या चटणीची बरणी भरून तयार होती.

"लसणाच्या चटणीला काय वास असतो?" आईनं खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं.

चटणी भाड्याच्या घरातच राहील असं ठरलं. पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, एवढं रोज पिशवीत. थंड पाणी तर काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं, हे ऐकून अण्णांचा त्या संस्थेविषयीचा आदर एकदम वाढला.

शीट करताना मी बरंच वाचलं. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नीलँड उघडलं त्या दिवशी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आली आणि खाण्यापिण्याचे पदार्थ संपून गेले. त्यात प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे पाणी प्यायचे नळही पुरेसे नव्हते, आणि ऊन मरणाचं. वाल्ट डिस्नीसारख्या माणसानं एवढं जग उभं केलं आणि पहिल्याच दिवशी गाडं अडलं ते पंगतीत. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लग्नातसुद्धा तेच होतं."

* * *

१९ नोव्हेंबरच्या पहाटे साडेतीनपासून अण्णा आणि नवरा वर्ल्ड कपची फायनल बघत बसले. आपण हरलो. दुपारच्या विमानात अण्णा खिडकीतून ढग बघत गप्प होते. आम्हाला वाटलं, मॅचमुळे.

सोमवारी सकाळी साडेसहाला त्यांनी इन्सुलिन घेतलं. आईनं पोहे केले होते. अण्णांनी एक छोटी वाटी खाल्ली आणि पुरे म्हणाले. मी चपला शोधत होते, मला ते दिसलं आणि दिसलंही नाही. मॅजिक किंगडमला गाडी लांब लावावी लागते आणि मग मोनोरेलनं किंवा बोटीनं तळं ओलांडून जावं लागतं. आम्ही बोटीनं गेलो. समोर किल्ला दिसायला लागला तशी मुलं कठड्याला लोंबकळायला लागली. अण्णा खलाशाकडे बघत होते. बोट धक्क्याला लागल्यावर घड्याळ बघून म्हणाले, "वेळेत आणली."

साडेअकराला आम्ही एका रांगेत होतो. मी वडी पुढे केली. "नको, चालेल," अण्णा म्हणाले. मी वडी परत पिशवीत ठेवली आणि शीटमध्ये पुढच्या ओळीवर गेले.

पावणेएकला पीटर पॅनच्या राइडबाहेरचा फलक चाळीस मिनिटं दाखवायला लागला. सकाळपासून तो सत्तरच्या खाली आला नव्हता. मी मनात आकडेमोड केली. दीडपर्यंत बाहेर, तिथून क्रिस्टल पॅलेसला सहा-सात मिनिटं, १:४० चं टेबल. हिशेब बिनचूक होता. "अण्णा, ही एक करू आणि मग थेट जेवायला. चालेल ना?"

"चालेल की."

रांगेत आत शिरल्यावर भिंतीवर मुलांची खोली मांडलेली आहे. तिथं धाकट्यानं विचारलं, "आजोबा, हे जहाज उडतं का?" अण्णा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तिकीट घेतलं का?"

आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिनं पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ ओलंगच्च होतं, आणि आत तर गारवा होता.

"त्यांना खाली बसवा," आई म्हणाली. माझ्याशी किंवा नवऱ्याशी ती अशा आवाजात कधी बोलत नाही. अण्णा रांगेतच जमिनीवर बसले. आईनं पर्समधून स्टीलची चपटी डबी काढली. त्यात साखर होती, दुसरं काही नाही. "तोंड उघडा," म्हणाली, आणि त्यांनी उघडलं. लहान मुलासारखं उघडलं. मग तिनं मला यंत्र काढायला सांगितलं. माझे हात थरथरत होते, पट्टी दोनदा खाली पडली. आकडा आला ५२. सत्तरच्या खाली गेलं की कमी धरतात. मागच्या कुटुंबातल्या बाईनं न विचारता आपल्या मुलाच्या हातातला सफरचंदाच्या रसाचा डबा घेतला, नळी खुपसली आणि आईच्या हातात दिला. तिथल्या कर्मचारी मुलीनं बाजूचं दार उघडून आम्हाला बाहेर बाकावर नेलं आणि वैद्यकीय मदत बोलवू का असं विचारलं. "नो, नो. फाइन," अण्णा म्हणाले. बोलले म्हणजे सावरत होते.

साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. ती पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. समोरून लोक बाहुल्या आणि फुगे घेऊन जात होते. पुन्हा मोजलं, ८४.

मग मी विचारलं, "सकाळी पोहे का खाल्ले नाहीत?"

अण्णा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "तूच म्हणालीस ना, माणशी चार-पाच हजार रुपयांचं जेवण आहे. पोटात जागा ठेवायला नको?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण ती किंमत त्यांना मीच सांगितली होती. कौतुकानं सांगितली होती. मी सप्टेंबरात केलेल्या बुकिंगचा मान ठेवायचा म्हणून त्या माणसानं पुरं इन्सुलिन घेऊन अर्धी वाटी पोहे खाल्ले, अकरा हजार पावलं चालला, आणि रांगेत डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तरी बोलला नाही. बोलला असता तर काय झालं असतं? रांग सुटली असती, मुलं हिरमुसली असती. आणि इथं दवाखान्यात न्यावं लागलं तर किती खर्च येईल, ही भीती वेगळीच.

आमच्यात 'मला भूक लागली' असं म्हणण्याची पद्धत नाही. लहान मुलं म्हणतात तेवढीच. मोठ्यांनी समोरच्यानं विचारायची वाट बघायची, विचारलं की नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की 'तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणायचं. पाहुण्यानं तर नक्कीच. आणि आईवडील मुलीच्या घरी पाहुणेच असतात. नातवंडं झाल्याशिवाय मुलीच्या घरचं जेवायचं नाही असं मानणाऱ्या आजीचे अण्णा मुलगे. मी त्यांना तीनदा विचारायला हवं होतं. मी एकदा विचारलं, आणि तेही 'चालेल ना?' असं. ज्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच देऊन ठेवलंय, त्याला ते दुसरं काय म्हणणार?

१:४० ला आम्ही टेबलाशी होतो. अण्णा सावकाश, व्यवस्थित जेवले. पू आला, त्यानं धाकट्याला मिठी मारली आणि मग अण्णांच्या खांद्यावर तो भलामोठा पिवळा पंजा ठेवला. त्या फोटोत अण्णा हसताहेत आणि आई त्यांच्या ताटाकडे बघतेय.

* * *

त्या रात्री सांगलीच्या डॉक्टरांना फोन केला. तिथं सकाळ झाली होती. डॉक्टर अण्णांना रागावले, मग मला रागावले, आणि जास्त चालायचं असेल त्या दिवसांसाठी सकाळचा डोस कमी करून दिला. फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "तुझा तो कागद आण बघू. आणि लाल पेन."

मी छापील शीट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली. "काम नीट आहे," म्हणाले. मग दुसऱ्या कोऱ्या पानावर पट्टीनं रेघा मारल्या. "तू गाडी आधी लिहिलीस आणि थांबे मध्ये कोंबलेस. उलटं करायचं असतं. थांबे आधी लिहायचे. मग मधल्या वेळात गाडी किती धावते बघायचं."

"पण राइडचं गर्दीवर असतं, अण्णा. रांग कमी झाली की..."

"गाडी लेट झाली तर काय तोडायचं?" त्यांनी मला विचारलं. डेपोत नव्या कंडक्टरला विचारत असतील तसं. "जेवणाचा थांबा तोडायचा नाही. प्रवासी ओरडतात. ओरडू द्यायचं. ड्रायव्हर उपाशी असला तर गाडी कुणाच्या भरवशावर?"

त्यांनी लाल पेनानं लिहिलं. ७:०० पोटभर न्याहारी. १०:०० चहा-बिस्कीट. १२:३० जेवण. रात्री ७:०० जेवण. मधल्या ओळी कोऱ्या ठेवल्या. "यात तुझं काय ते बसव."

जे बसलं ते फार कमी होतं. मी सात राइड्स खोडल्या. मंगळवारी तर कुठेच गेलो नाही. मुलं भाड्याच्या घराच्या तलावात डुंबली आणि आम्ही लसणाच्या चटणीशी भाकरी खाल्ली. एक मात्र कळलं. साडेबाराला जेवायचंच असेल तर काउंटरवरची ऑर्डर सकाळी अकराच्या आत ॲपवर देऊन टाकायची, राइडच्या आधी, म्हणजे मग मोह होत नाही. ही युक्ती मला कुठल्याही लेखात सापडली असती. पण मी लेख वाचत होते ते कमी वेळात जास्त राइड्स कशा होतील, यासाठी.

बुधवारी ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सनामध्ये दुपारचं टेबल होतं. सुदैवानं सप्टेंबरातच १२:२० चं मिळालं होतं. तिथं आफ्रिकी आणि भारतीय अशी मिळून पाकक्रिया आहे. काचेपलीकडे गवताळ रान, त्यात जिराफ आणि झेब्रे चरत होते. नान, कुलचा, पनीर पराठा, आणि सोबत नऊ छोट्या वाट्या. कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, काकडीची कोशिंबीर म्हणता येईल असा रायता, लसणाचं लोणचं. आईनं एकेका वाटीत पराठ्याचा तुकडा बुडवून सगळ्यांची परीक्षा घेतली. "हे बघ, इथं चालतो लसणाचा वास," एवढंच म्हणाली.

अण्णांनी घड्याळ पाहिलं. साडेबाराला दोन मिनिटं होती आणि घास तोंडात होता. बाहेर एक जिराफ मान वाकवून त्याचं त्याचं खात होता. अण्णा म्हणाले, "थांबा चांगला आहे." एसटीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

* * *

गुरुवारी थँक्सगिव्हिंग, आणि त्याच दिवशी कार्तिकी एकादशी. आईला एकादशी. मी तिला म्हटलं होतं, इथं एवढं चालायचंय, या वेळी सोड. ती नुसती हसली. तिचं खाणं तिनं स्वतःच पिशवीत भरलं. लाडू, खजूर, वड्या. बटाट्याच्या फ्रेंच फ्राइज मिळतात असं मी सुचवलं, तर "त्या तेलात आधी काय तळलं असेल कोण जाणे," म्हणाली. सकाळी ती घरी साबुदाण्याची खिचडी करून खाऊन निघाली. माझी कुठलीही मदत तिला लागली नाही.

एप्कॉटमध्ये बोटीतून हरितगृहं दाखवणारी एक राइड आहे. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, वेलींना टांगलेले भोपळे. तिथला काही माल तिथल्याच हॉटेलांत वापरतात. मुलांना कंटाळा आला. आई-अण्णांना ती राइड सगळ्यांत जास्त आवडली, म्हणून आम्ही दोनदा केली. लाल पेनाच्या कागदात दोनदा करायला जागा होती.

दुपारी आम्ही तळ्याकाठी बाकावर बसलो होतो. नवरा मुलांना घेऊन कुठल्याशा रांगेत गेला. अण्णा बसल्या बसल्या पेंगत होते. आईनं पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा मोडून मला दिला आणि अर्धा स्वतः खायला लागली. मग म्हणाली, "मला या वेळेला भूक लागते."

मी घड्याळ बघितलं. चार वाजले होते.

"आज एकादशी आहे म्हणून?"

"नाही. रोज."

"रोज? कधीपासून?"

"मॅट्रिकला होते तेव्हापासून. शाळा सुटायची चारला." तिनं हातावरचे कण झटकले. "लग्नानंतर चारला कोण खातं? पाचला चहा व्हायचा, तेव्हा बिस्कीट खायचे."

बेचाळीस वर्षं मी तिची मुलगी आहे. तिची भूक चारला येते हे मला माहीत नव्हतं. अण्णांची साखर, धाकट्याचा पू, नवऱ्याची कॉफी, सगळ्यांसाठी माझ्याकडे रकाना होता. अण्णांनी लाल पेनानं नवं वेळापत्रक केलं, त्यातही चारचा थांबा नव्हता. तो कुणाच्याच कागदात नव्हता. ती तो पिशवीत घेऊन फिरत होती, साखरेच्या डबीशेजारी.

मी पर्समधून अण्णांचा कागद काढला. लाल पेन घरी राहिलं होतं. धाकट्याच्या दप्तरात एक निळा खडू सापडला. त्यानं मी १२:३० आणि ७:०० च्या मधल्या कोऱ्या जागेत लिहिलं, '४:०० आई'.

"काय लिहितेस?" आईनं विचारलं.

"थांबा," मी म्हटलं.

तिला वाटलं, मी तिला थांबायला सांगतेय. ती म्हणाली, "मी कुठं चाललेय? बसलेय की," आणि पिशवीत आणखी एक लाडू शोधायला लागली.